चाकाखालचा दगड

कुणी गेल्याची बातमी आली की माझा मामा दोन प्रश्न विचारायचा. "कधी?" हा पहिला आणि "गाडी होती का त्याला?" हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्याला बारावं कधी येतं एवढं काढण्यापुरतंच हवं असे. बाराव्याला तो इस्त्रीचा शर्ट घालून त्या घरी जायचा, भिंतीला टेकून बसायचा, गेलेल्या माणसाबद्दल दोन चांगले शब्द बोलायचा, दिलेलं पाणी प्यायचा आणि मग अंगणात ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या गाडीकडे बघत म्हणायचा, "आता ही कोन चालवनार? उंदीर वायरी खातील. आमी नेतो, तुमच्या डोल्यासमोरून तरी जाईल." रडून थकलेली बाई मान हलवायची. मामा स्वतः गेला तेव्हा त्याच्या बाराव्याला गाडी विचारायला कुणी आलं नाही. विचारण्यासारखी गाडी उरलीही नव्हती.

मामा बोईसरला एका रंगाच्या कारखान्यात बॉयलरवर होता. मी त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. सफाळ्याहून रोज येऊन पाळ्या सांभाळणं जमेना, म्हणून त्याच्याकडे राहायला गेलो आणि चांगली आठ वर्षं राहिलो. ऐंशीच्या आसपासचे ते दिवस. बोईसरला तेव्हा स्वतःची गाडी असायची ती कारखानदारांना, डॉक्टरांना आणि आमच्या मामाला. त्याला मूलबाळ नव्हतं. मामी होती, गाडी होती आणि मी होतो. आमचा मानही ह्याच क्रमाने असता तर बरं झालं असतं, पण गाडी पहिली होती.

गाडी घेताना मामा सर्वांत आधी किलोमीटरचा काटा बघायचा. माणसं कमी चाललेली गाडी शोधतात, मामा जास्त चाललेली शोधायचा. त्या काळच्या गाड्यांचे आकडे लाखाला पोचले की पुन्हा शून्यावर यायचे. असा एकदा शून्यावर आलेला काटा मामाला पसंत नसे. "एक फेरा म्हंजे अजून पोर हाय ती," तो म्हणायचा. "दोन फेरे झालेली घ्यावी. तिचं जे मोडायचं ते मोडून झालेलं असतं. ती फसवत नाय." चालतेय ना, मग नवी कशाला, हे त्याचं दुसरं वाक्य. मामीच्या चपलेपासून माझ्या गादीपर्यंत तो ते सगळ्याला लावायचा.

मी राहायला गेलो तेव्हा दारात मुंबईची निवृत्त टॅक्सी होती. तिला मामाने स्वतः ब्रश घेऊन कारखान्यातल्या यंत्रांचा करडा रंग फासला होता. पहिल्याच पावसाळ्यात टपावरून खालचा पिवळा रंग डोकावू लागला. पालघरच्या बाजारात लोक तिला अजूनही हात करायचे. मामा थांबायचा, कारण धक्का मारायला माणूस मिळायचा. गाडीत कुणाला घ्यायचं हे तो दंड बघून ठरवत असे. मनोरला एका लग्नाला निघालो तेव्हा त्याने नवरदेवाच्या आत्याला एसटीने पाठवलं आणि तिच्या जागी कुस्ती खेळणारी दोन पोरं बसवली. कारखान्यातला एक कामगार तर फाटकाशी मामाला बघून विचारायचा, "चाचा, आज बैठने का कि ढकेलने का?" मामाला राग येत नसे. ढकलायला कोण येतंय ह्यावर त्याचं लक्ष असे.

आमच्या भागातली जमीन सपाट. उतार हवा तर खाडीच्या पुलावर जावं लागतं. उताराशिवाय मामाची गाडी सुरू होत नसे, म्हणून त्याने घरासमोर मातीचा उतार करून घेतला. करून घेतला म्हणजे मामीकडून. ती दुपारी भांडी झाली की घमेल्याने माती आणून टाकायची, धुमसाने चोपायची, आणि दर पावसाळ्यात अर्धा उतार वाहून गेला की दिवाळीच्या आधी पुन्हा टाकायची. आठ वर्षांत मी तिला घमेलं खाली ठेवून कुरकुर करताना ऐकलं नाही. मीही कधी ते घमेलं उचललं नाही, हे सांगायला हवं.

उतारावर गाडी थांबवायची तर हँडब्रेक लागतो. तो मामाच्या कुठल्याच गाडीला नव्हता, आणि शेवटच्या फियाटचा तर गिअरही उभ्या उभ्या सुटायचा. म्हणून चाकाखाली दगड. हा दगड म्हणजे मामीच्या पाट्याचा अर्धा तुकडा. लग्नात तिच्या आईने दिलेला तो पाटा दांडीहून, तिच्या माहेराहून, आला होता. मामाने एकदा गाडीचं काहीतरी ठोकायला तो अंगणात नेला आणि त्याचे दोन तुकडे केले. मोठ्या तुकड्यावर मामी चटणी वाटायची, लहान तुकडा गाडीत तिच्या पायाशी असायचा. गाडी थांबली की ती दार उघडून उतरायची आणि तो मागच्या चाकाखाली द्यायची. पाट्याचा तुकडा सपाट, त्यामुळे सरकायचा. म्हणून त्याच्यावर पाय दाबून उभं राहावं लागे. "दगड बघ गो, दगड," मामा आतून ओरडायचा. बॉनेटची टेकणी मोडलेली होती, त्यामुळे मामा खाली वाकला की बॉनेट मी धरायचो. म्हणजे त्या गाडीत हँडब्रेक मामी होती आणि टेकणी मी.

आणि तरी मला तो आवडायचा. त्याला कान होता. रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकचा आवाज ऐकून तो जेवता जेवता सांगायचा, "हा मस्तान नाक्यापुढं नाय जात," आणि परतीला तो ट्रक तिथेच उभा दिसायचा. पाड्यावरचं कुणी आजारी पडलं तर पालघरच्या दवाखान्यात पोचवायला तो ताटावरून उठून निघे, आणि पैशांचं नाव काढत नसे. आजाऱ्याच्या बापाला मात्र धक्का मारावा लागे. मी त्याच्याकडून ऐकायला शिकलो. फक्त तो गाडी ऐकायचा, माणूस ऐकायचा नाही, हे मला फार उशिरा कळलं.

त्या दिवशी सकाळी दांडीहून मामीच्या भावाचा शेजारी सायकल मारत आला. "म्हातारीला जास्त हाय," तो दारातूनच म्हणाला. "रातीपासून तुजंच नाव घेते." मामीने चूल विझवली, पिशवीत एक लुगडं कोंबलं आणि आठच्या एसटीसाठी निघाली. मामा अंगणात होता. "दारात गाडी असताना एसटी?" तो म्हणाला. "सासुरवाडीला काय तोंड दाखवू मी? बस." मामी एक क्षण थांबली आणि बसली. माझी दुसरी पाळी होती. मला न विचारताच मामाने मागचं दार उघडलं, कारण धक्का कोण मारणार.

बोईसर सोडलं, खाडी आली, आणि पुलाच्या चढावर गाडीने मान टाकली. दांडी तिथून तासाभराची चाल. मामी उतरली, चाकाखाली दगड दिला, त्यावर पाय ठेवला. मामाने बॉनेट उघडलं, मी ते धरलं. पेट्रोलच्या नळीत कचरा होता. मामा ती नळी काढून फुंकू लागला, पुसू लागला, पुन्हा फुंकू लागला. ओहोटी होती आणि खाली नुसता चिखल दिसत होता.

पाच-दहा मिनिटांत मागून आठची एसटी आली आणि आमच्याजवळ थांबली. कंडक्टर ओळखीचा होता. "मामी, दांडीलाच ना? चला, जागा हाय."

मामीने मामाकडे पाहिलं. मामाने बॉनेटखालून डोकं काढलं नाही. "गाडी हाय आमची," तो म्हणाला. "जा तुमी."

"आवं, आई वाट बघते," मामी म्हणाली. एवढंच म्हणाली, तेही हळू.

"आता होतेय, दोन मिन्टं. आनि पाय काढू नको. गाडी मागं गेली तर सरळ खाडीत."

कंडक्टर थोडा वेळ दारात उभा राहिला. मामी पायाखालच्या दगडाकडे बघत होती. मी दोन्ही हातांनी बॉनेट धरून उभा होतो. बॉनेट सोडलं असतं तर मामाच्या डोक्यावर पडलं असतं, असं मी स्वतःला पुढे कैक वर्षं सांगत आलो. खरं म्हणजे रस्त्याकडेच्या कुंपणातला एक दांडा मोडून आणला असता तर टेकणी झाली असती. दगडावर माझा पाय पुरला असता. "मामी, तू जा, दगड मी बघतो," एवढंच बोलायचं होतं. मी बोललो नाही. मामाचा शब्द मोडायची त्या घरात पद्धत नव्हती, आणि त्या पद्धतीत मी आरामात राहत होतो. कंडक्टरने घंटी मारली आणि एसटी पूल उतरून गेली.

दोन मिनिटं म्हणता म्हणता ऊन डोक्यावर आलं. तोवर मामी उभीच होती. पायाची बोटं पांढरी पडली तेव्हा तिने पाय बदलला, तोही मामाला विचारून. गाडी सुरू झाली तेव्हा मामा खुशीत होता. "बघा," तो म्हणाला, "एसटीवाला फाट्याफाट्याला थांबतो. ही आता थांबनार नाय." आणि खरंच, ती दांडीपर्यंत कुठे थांबली नाही.

दारात माणसं बसलेली दिसली तेव्हा मामी पिशवी गाडीतच ठेवून उतरली. आत गेल्यावर भावजयीने तिला धरलं आणि सांगितलं, कारण अशा वेळी सगळं सांगायचीच रीत असते. "एसटीचा आवाज आला तवा डोले उघडले. म्हनाली, आली बघ, दार उघड. मी दार उघडून बघून आले, तू नव्हतीस. तिला काय सांगू? येते म्हटलं. मग तिनं डोले मिटले ते मिटलेच." मामी ऐकत उभी राहिली. तिच्या उजव्या पायाच्या बाजूला पाट्याच्या कडेचा वळ होता, तो मला दिसत होता.

संध्याकाळी स्मशानातून लोक परतले, समुद्रावर अंघोळ करून, ओल्या कपड्यांनी. सपाट वाळूत उतार नव्हता. मामाने त्यांनाच धक्का मारायला लावला. मामीचे दोन्ही भाऊ मागून ढकलत होते आणि मामा स्टिअरिंगवरून सांगत होता, "जोर लावा, आजून जोर." मीही ढकलत होतो.

मामी भांडली नाही. पुन्हा माती टाकली, पुन्हा दगड दिला. एकच फरक पडला. ती 'आपली गाडी' म्हणेनाशी झाली. "तुमची गाडी," असं म्हणायची. मामाच्या ते कधी लक्षातही आलं नाही.

पुढच्या पावसाळ्यानंतर एका सकाळी गाडी उतारावरूनही सुरू होईना, म्हणून मामा पुढून हँडल मारत होता. हँडल उलट फिरलं आणि तो तिथेच बसला. आम्हाला वाटलं हात मोडला. पण उजवं अंगच गेलं होतं, आणि वाचाही. शेजाऱ्याच्या टेम्पोतून त्याला पालघरला नेलं. महिन्याभराने घरी आणला तेव्हा त्याच्याकडे दोन-तीनच शब्द शिल्लक होते. फियाट मामीने भंगारवाल्याला देऊन टाकली. तो न्यायला आला तेव्हा मामा खिडकीतून बघत होता. मामीने चाकाखालचा दगड काढून पदराने पुसला आणि घरात नेऊन ठेवला.

मग एक दिवस मनोरचा एक लाकडाचा व्यापारी गेल्याचं मी घरी सांगितलं. मामीने भाजी चिरता चिरता विचारलं, "कधी?" आणि जरा थांबून, "खुर्ची होती ना त्याला? चाकांची?" बाराव्याला ती धुतलेलं लुगडं नेसून गेली. मी सोबत होतो. भिंतीला टेकून बसली, गेलेल्या माणसाबद्दल दोन चांगले शब्द बोलली, पाणी प्यायली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बघून म्हणाली, "आता ही कोन वापरनार?"

खुर्चीचा पत्रा गंजलेला होता, एक चाक लंगडत होतं आणि ब्रेक नव्हता. मी म्हटलं, "मामी, मी पगारातून नवी आणतो." ती म्हणाली, "चालतेय ना? मग नवी कशाला? तिचं जे मोडायचं ते मोडून झालेलं हाय." हे ती मामासमोर, त्याच्याकडे बघत म्हणाली. मामाने डावा हात थोडा उचलला आणि खाली ठेवला.

रोज सकाळी ती त्याला न्हाऊमाखू घालायची, पेज भरवायची, केस विंचरायची. सेवेत कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती. मग खुर्ची बाहेर न्यायची. अंगण सपाट होतं, सावली होती. पण ती खुर्ची उतारावर न्यायची, रस्त्याकडे तोंड करून उभी करायची, चाकाखाली पाट्याचा तो तुकडा द्यायची आणि घरात निघून जायची. तुकडा पूर्वीसारखाच सपाट होता. मामा दिवसभर त्याच्याकडे बघत बसायचा. उरलेल्या शब्दांपैकी एक त्याला रोज लागायचा. "दगड," तो म्हणायचा. "दगड." आतून मामी म्हणायची, "हाय, हाय." ती बघायला बाहेर येत नसे. मी कामावरून आलो की खुर्ची गुपचूप सपाटीला घ्यायचो. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा उतारावर असायची.

आईच्या श्राद्धाला मामी दांडीला निघाली तो दिवस मला नीट आठवतो. रजा काढून मी घरीच होतो. तिने मामाला उतारावर बसवलं, दगड दिला, पिशवी घेतली. लांबून एसटी येताना दिसली. मामाला ती दिसली, पिशवीही दिसली, आणि तो एकदम कापऱ्या आवाजात म्हणू लागला, "दगड, दगड, दगड." मामी त्याच्यासमोर उभी राहिली. "दोन मिन्टं," ती म्हणाली. "आता येते."

मी पुढे झालो. उजवा पाय दगडावर ठेवला आणि म्हणालो, "मामी, तू जा. दगड मी बघतो."

एसटी थांबली होती. मामी पायरीशी जाऊन वळली. तिने आधी माझ्या पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज चढवला नाही.

"हे पुलावर बोलायचं होतंस," ती म्हणाली आणि आत चढली.

एसटी गेली. ती केव्हा परतणार ते मी विचारलं नव्हतं, आणि तिने सांगितलं नव्हतं. मामा माझ्या पायाकडे टक लावून बघत होता. खुर्ची सपाटीला घ्यावी असं मनात आलं, पण त्यासाठी आधी पाय उचलावा लागला असता. मी तसाच उभा राहिलो.