सात फुगे आणि एक वस्तरा

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कुणाची सून रुसली, कुणाच्या जावयाने नोकरी सोडली, हे आधी मला कळतं आणि मग त्या सुनेला नि जावयाला. असा मी, पण एक गोष्ट आठ महिने दाताखाली धरून बसलो होतो. आज सांगतोय, कारण आता ती सगळ्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिली आहे.

गोष्ट वस्तादांची. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचं सलून. दोन खुर्च्या, त्यातली एक कायम ‘उद्या दुरुस्त करतो’वाली. दोन भिंतींना समोरासमोर दोन आरसे, म्हणजे गिऱ्हाइकाला मागचं टक्कल न मागता दिसावं. मागच्या दोन खोल्यांत वस्ताद नि वहिनींचा संसार. वस्तादांचं खरं नाव त्यांनाही सही करतानाच आठवत असणार. वस्तरा असा चालवायचे की गिऱ्हाईक घोरायला लागे. मी तीस वर्षं त्याच खुर्चीत घोरलो.

एके दिवशी मी असाच डोळे मिटून गल्लीच्या बातम्या देत होतो. कानाच्या पाळीला चरचरलं. डोळे उघडले तर आरशात वस्तादांचा हात. वस्तरा हवेत, आणि पातं थरथरतंय. बाहेरून ट्रक गेला की बशीतला कप कसा वाजतो, तसं. वस्तादांनी तुरटी लावली.

“कुणाला बोललास तर लक्षात ठेव, तुला दुसरा कानही आहे.”

रक्त पाहून वहिनी बाहेर आल्या. मला शिंक आली, असं मीच सांगितलं.

लपवायचं कारण साधं होतं. मुलगा दुसऱ्या शहरात. गेली दोन वर्षं त्याचं एकच टुमणं, “दुकान बंद करा, आमच्याकडे या.” वस्तादांचंही एकच उत्तर, “हात चालतोय तोवर इथेच.” शेवटी मुलगा म्हणाला, “ठीक. हात थकला की सामान बांधायला मी येतो.” म्हणजे हात दिसला की सलून गेलं. आणि सलून गेलं की हा माणूस कुठल्याशा तिसऱ्या मजल्यावर, दुसऱ्याच्या गच्चीत, वर्तमानपत्राची घडी घालत बसणार. ते काही जगणं नव्हे.

त्यात वाढदिवस आला. एक नव्हे, दोन. नातू एक वर्षाचा आणि आजोबा साठ, दोघांची तारीख एकच. मुलाचा फोन आला, “बाबा, दोन्ही तिकडेच करू. आणि पिल्लाचं पहिलं डोकं तुमच्याच हातून.”

त्या घराचा रिवाज तसाच होता. पहिल्या वाढदिवसाला आजोबाने नातवाचं डोकं वस्तऱ्याने करायचं. वस्तराही तोच, हाडाच्या मुठीचा. मुलाचं वस्तादांच्या वडिलांनी केलं, वस्तादांचं त्यांच्या आजोबांनी.

“करू की,” वस्ताद म्हणाले. फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

“सांगून टाका, वस्ताद.”

“हे तू सांगतोस? तू?”

“आठ महिने गप्प आहे मी. अन्न गोड लागत नाही.”

“मग आणखी दहा दिवस उपास कर. मी सराव करतो.”

हात बसावा म्हणून शिकाऊ माणसाला फुगा देतात. फुगवलेल्या फुग्याला साबणाचा फेस लावायचा आणि तो न फोडता वस्तऱ्याने साफ करायचा. चाळीस वर्षांनी वस्ताद परत फुग्यावर आले. रोज दुपारी शटर अर्धं खाली, मी गाठीकडून फुगा धरून उभा. पहिल्या दिवशी सात फुगे घेतले, सातही फुटले. फेस माझ्या भुवयांपर्यंत.

“काय फुटतंय हो?” आतून वहिनी.

“वाढदिवसाचे फुगे तपासतोय, वहिनी. माल हलका निघाला.”

दहाव्या दिवशी सातांतले पाच वाचले. वस्तादांनी ऐटीत टॉवेल झटकला.

“वस्ताद,” मी म्हणालो, “नातवाला डोकं एकच आहे.”

त्यांनी टॉवेल माझ्या अंगावर फेकला आणि शटर वर ढकललं.

वाढदिवसाला मंडळी आली. सूनबाई समुद्रापलीकडची, पण मराठी इतकं स्वच्छ बोलते की आपणच चाचरावं. बरोबर तिची आई, दोन खोकी घेऊन. त्यांच्याकडे वर्षाच्या मुलापुढे वस्तूंचं ताट मांडतात. मूल जे उचलेल त्यावरून त्याचा पुढचा धंदा ओळखायचा. आणि साठी झाली की माणसाच्या वयाचा फेरा पुरा होतो, तो पुन्हा तान्हा होतो. त्याला लाल बंडी घालायची. विहीणबाईंच्या घरात तर त्या दिवशी त्याला काडीला हात लावू देत नाहीत. बंडी त्यांनी स्वतः शिवली होती, गळ्याशी नाड्यांची. ती घालून वस्ताद खुर्चीत बसले तेव्हा वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या. वस्ताद हसले नाहीत. हाडाच्या मुठीचा वस्तरा समोर धुऊन ठेवला होता.

मला राहवेना. “सूनबाई, तुमच्याकडच्या मोजणीने वस्ताद आज किती वर्षांचे?”

“शून्य.”

“म्हणजे नातू वर्षाने थोरला. आणि तान्ह्याच्या हातात वस्तरा कोण देतं?”

सगळे हसले. सूनबाईने आईला तिच्या भाषेत समजावलं तर ती गंभीरपणे मान डोलवायला लागली. आज काम नकोच, म्हणाली. मुलगाही म्हणाला, “खरंच बाबा, कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याला बोलावू का?”

वाट मोकळी होती. नुसतं ‘हं’ म्हणायचं होतं. वस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. मग गळ्याच्या नाड्या सोडल्या, बंडीची घडी केली आणि खुर्चीच्या पाठीवर टाकली.

“विहीणबाई, पाच मिनिटं मला साठ वर्षांचाच राहू द्या.”

सूनबाई पिल्लाला मांडीवर घेऊन बसली. वस्तादांनी ब्रशने फेस लावला; पिल्लू खूश. वस्तरा पट्ट्यावर फिरला आणि वर आला.

समोरासमोर आरसे असले की एका हाताचे वीस होतात. वीसच्या वीस हात थरथरत होते. वहिनींचं हसू विझलं. भिंतीला टेकलेला मुलगा सरळ उभा राहिला. पातं डोक्यापासून चार बोटांवर आलं. मग तीन. चकाकतं काहीतरी दिसलं म्हणून पिल्लाने मान वळवली, थेट पात्याकडे. सूनबाईने फेसावरच आपला तळवा ठेवला.

वस्तादांचा हात थांबला. त्यांनी वस्तरा मिटला. तो ‘टक’ आवाज सगळ्या खोलीने ऐकला.

“सातांत दोन फुटतात,” ते म्हणाले. मला सोडून कुणाला कळलं नाही. मग त्यांनी मुलाकडे तोंड केलं. “आठ महिने झाले. हात थरथरतो. याला ठाऊक होतं, याने सांगितलं नाही.”

सगळे माझ्याकडे वळले. वस्तादांच्या हाताचं राहिलं बाजूला, माझ्या तोंडाचंच जास्त नवल वाटलेलं दिसलं.

“भाऊजी, तुम्ही बोलला नाहीत? तुम्ही?” वहिनी म्हणाल्या. नवऱ्याला एक शब्द नाही. त्याची वेळ नंतर येणार होती, आणि आली.

“बाबा, आपलं ठरलं होतं,” मुलगा हळूच म्हणाला.

“ठरलं होतं. सामान बांधायचं तर बांध. पण आधी मला तो कंगवा दे. आणि छोटी कात्री.”

पिल्लाच्या डोक्यावरचा फेस पुसला. वस्तादांनी कंगवा डोक्याला टेकवला, कात्री कंगव्याला टेकवली आणि मनगट मुलाने पुढे केलेल्या तळहातावर ठेवलं. हाताला बसायला जागा मिळाली. करकर आवाज सुरू झाला. अर्धा तास लागला. उंदराने कुरतडल्यासारखं डोकं झालं, पण ओरखडा एक नाही. मुलगा पूर्ण वेळ त्या मनगटाकडे बघत होता.

मग वस्ताद मुकाट्याने तान्हे झाले, बंडीच्या नाड्या वहिनींनी बांधल्या, जरा जास्तच आवळून. पिल्लाने पुस्तक, पेन, हातोडी मांडलेलं ताट सोडून माझा चष्मा ओढला. विहीणबाईंनी त्याचा अर्थ सांगायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी मुलगा वडिलांना डॉक्टरकडे घेऊन गेला. गोळ्या सुरू झाल्या. सामान काही बांधलं गेलं नाही. जाताना त्याने एकच अट घातली, वस्तरा बंद. वस्तादांनी हाडाच्या मुठीचा वस्तरा वहिनींच्या कपाटात ठेवला आणि दारावर पाटी लावली, ‘फक्त केस कापले जातील.’

“आणि माझी दाढी?” मी विचारलं.

“कोपऱ्यावर जा.”

“तीस वर्षांनी? दुसऱ्याकडे?”

म्हणून मी दाढी वाढवली आहे. लोक कारण विचारतात, मी सविस्तर सांगतो. वस्ताद दर पंधरा दिवसांनी ती कंगवा टेकवून, मनगट माझ्या खांद्यावर ठेवून नीट करतात. मी आताशा त्या खुर्चीत घोरत नाही. जागा असतो, आणि खांदा हलू देत नाही.