मास्तरांच्या दाराची कडी

लढाई थांबून सहा वर्षं झाली, तेव्हा आठवणी गोळा करणाऱ्या कचेरीतली मुलगी किल्लीवाल्याच्या टपरीत आली. स्टुलावर रेकॉर्डर ठेवून म्हणाली, "काका, आठवेल तसं सांगा."

त्याने सांगितलं. पाठीला बंदूक लावून बंदूकवाल्यांनी त्याला गल्लीगल्लीत फिरवलं, कुलपं उघडायला लावली. "अकरा घरं उघडली. देवाची कृपा, सगळी रिकामी होती."

ते सभागृहात ऐकवलं गेलं. माणसं डोळे पुसत होती. जन्मभर लोकांच्या उंबऱ्याशी उकिडवा बसलेला हा माणूस, त्या दिवशी त्याला पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली. बायकोने त्याचा सदरा इस्त्री करून दिला होता.

आठवड्याभराने, लढाईत मारल्या गेलेल्या मास्तरांची विधवा टपरीसमोर उभी राहिली.

"आमचं घर त्या अकरांतलंच ना?"

"हो, बाई."

"आमच्या दाराला कुलूप नव्हतं. आतून कडी होती. तुम्ही हाक मारलीत, 'मास्तर, मी आहे, उघडा.' हे म्हणाले, आपलाच माणूस आहे. आणि कडी काढली."

किल्लीवाल्याच्या हातातली कानस थांबली. "बंदूक होती हो पाठीला."

"होती. मी पाहिली. त्याचा जाब विचारायला नाही आले. फक्त घर रिकामं होतं असं म्हणू नका. आम्ही होतो तिथे."

दुसऱ्या दिवशी सकाळी टपरी न उघडताच तो कचेरीत गेला. "मास्तरांच्या घराबद्दल थोडं बोलायचं होतं," एवढंच कसंबसं म्हणाला.

मुलीने त्याला पाणी दिलं. "बाई आमच्याकडेही येऊन गेल्या, काका. एवढं सोसल्यावर आठवणींची सरमिसळ होते. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. की खरंच काही बदलायचंय?"

रेकॉर्डर चालूच होता. मुलगी वाट पाहत होती. त्याने पाण्याचा पेला रिकामा केला.

"नाही," तो म्हणाला. "बाईंचीच काहीतरी गल्लत होतेय. बिचाऱ्या."

पावसाळा संपता संपता कचेरीचं आठवणींचं पुस्तक आलं. बाईंच्या आठवणीखाली बारीक अक्षरांत छापलं होतं: 'इतरांच्या सांगण्याशी तपशील जुळत नाही.' किल्लीवाल्याच्या आठवणीखाली काहीच नव्हतं.

बाईंनी कचेरीला एक पत्र लिहिलं, मग दुसरं. तिसरं लिहायला त्या राहिल्या नाहीत. त्यांच्या अंत्ययात्रेत किल्लीवाला मागे मागे चालत होता. कोणीतरी त्याला ओळखलं आणि आदराने पुढे घेतलं.