आधी पाय थांबवा

पत्रकावरचं चित्र मी स्वतः काढलं होतं. पायमशीनवर वाकलेली बाई, पाठमोरी, म्हणजे वाचणाऱ्या बाईने तिच्या जागी स्वतःला बघावं. वर ठळक अक्षरांत ‘मान वर करा!’. आत लिहिलं होतं की घरी बसून शिवणाऱ्या बायका या कामगार आहेत, तशी त्यांची नोंद झाली पाहिजे, आणि त्यासाठी त्यांनी महिन्यातून एकदा तरी एकत्र बसलं पाहिजे. पाचशे प्रती घेऊन मी फणसवाडीत गेले. आठ बायका येणार होत्या. आल्या चार.

खोली त्यांच्यातल्या सर्वांत वडील काकूंची होती. काकू दुकानदारांसाठी परकर शिवतात. चष्मा दोरीने गळ्यात. त्यांनी पत्रक लांब धरलं, जवळ आणलं आणि शेजारणीला दिलं. शेजारणीला हसू फुटलं.

“ही बाई डावखुरी आहे काय गं?”

“बाई असेल डावखुरी. मशीन कशी डावखुरी होईल?” काकू म्हणाल्या.

मला कळेना. मग काकूंनी चित्रावर बोट ठेवलं. मशीनचं चाक शिवणारीच्या उजव्या हाताला असतं, सुई डावीकडे. माझ्या चित्रात चाक बाईच्या डाव्या हाताला होतं. अशी मशीन मुंबईत कुठे विकत मिळत नाही.

“तुझ्या घरी मशीन नव्हती वाटतं,” शेजारीण म्हणाली.

“होती. अजून आहे. आई शिवायची. परकरच शिवायची.”

चौघींचं हसू गेलं. हसत होत्या तेव्हा बरं होतं.

“तुला शिवायला येतं?” काकूंनी विचारलं.

याचं उत्तर माझ्याकडे शाळेपासून तयार होतं. मुलगी झाली म्हणजे तिला शिवता आलं पाहिजे हे कोणी ठरवलं? मुलग्यांना विचारता का? बाईचं कौशल्य म्हणायचं आणि त्या कौशल्याने तिला चार भिंतींत बसवून ठेवायचं, हे मी मान्य करत नाही. मी हे सगळं बोलले. आवाज चढवून बोलले.

“भाषण चांगलं आहे,” काकू म्हणाल्या. “मी येतं का विचारलं.”

“नाही येत.”

“हं. मग हा कागद मी वाटणार नाही, बाळा. रागावू नको. बायका आधी चित्र बघतात. चित्रच चुकलं तर आतलं कोण खरं मानेल?”

मी म्हटलं, मला शिकवा. त्या म्हणाल्या, शिकवत बसले तर शिवू कधी? घरी मशीन आहे ना, बस तिच्यावर. गठ्ठा उचलून मी दारापर्यंत गेले तेव्हा त्यांनी हाक मारली.

“ते कागद टाकू नकोस. सुईत दोरा घालू नको आणि ओळींवरून शीव. आम्ही तसंच शिकलो. आमच्या वेळी वहीचे कागद होते, तुझे छापलेले. तेवढाच फरक.”

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. बाबांची गिरणी बंद पडली, पण पत्रकं लिहिणं त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. लालबागच्या आमच्या खोलीत पलंगाखाली धान्याच्या डब्यांशेजारी पत्रकांचे गठ्ठे असायचे. अक्षरं मी त्यांच्या मथळ्यांवरून शिकले. माझा क कमळाचा नव्हता, कामगारांचा होता. बाबा गेले, आई गावी मावशीकडे राहायला गेली, आणि ज्या मित्रमैत्रिणींबरोबर मी पत्रकं वाटायचे ते एकेक करून नोकऱ्यांना लागले. फोनवरच्या आमच्या गटात आता फक्त वाढदिवस असतात. मी दादरला एका छोट्या छापखान्यात मुद्रितं तपासते. दिवसभर लोकांच्या चुका काढायच्या आणि घरी येऊन भिंतीला पाठ टेकून, मांडीवर फळी घेऊन लिहायचं. खोलीत दुसरं कोणी नाही. कधी कधी शनिवारी संध्याकाळी बंद केलेलं तोंड सोमवारी सकाळी उघडायचं.

आईची मशीन माझ्यासमोरच होती. तिच्यावर प्लास्टिकचा टेबलक्लॉथ, त्यावर पत्रकं, त्यावर इस्त्री.

मला शिवण का येत नाही याची कारणं मी गोळा करून ठेवली होती. तत्त्वाचं कारण सांगितलं. वेळ नाही हे दुसरं. माझा हात चांगला नाही, शाळेत रुमालाला टाके घालताना तो रुमाल मी स्वतःच्या फ्रॉकला शिवला होता, हे तिसरं. खरं कारण कोणाला सांगितलं नव्हतं. मी सहा-सात वर्षांची असताना आईच्या बोटातून सुई गेली होती. नखातून आरपार. ती ओरडली नाही. चाक हाताने फिरवून तिने सुई वर घेतली, बोटाला चिंधी बांधली आणि तोच परकर पुरा केला. मला भीती सुईची नव्हती. ते न ओरडणं मला येईल याची भीती होती. एकदा त्या स्टुलावर बसले की मीही एक दिवस चिंधी बांधून काम पुढे चालू ठेवीन, असं वाटायचं. आईसुद्धा म्हणायची, “तू आपली वह्या बघ. ह्यां शिवण माझ्यापुरता पुरे.” तिचं ते वाक्य मी घेतलं आणि त्याचं तत्त्व करून टाकलं. तत्त्व खोटं नव्हतं. पण मी त्याच्या मागे लपत होते.

रविवारी सकाळी मशीनवरचं सगळं खाली ठेवलं. खोबरेल तेल घालायला निघाले होते, मग दुकानात विचारून मशीनचं तेल आणलं. काकूंनी सांगितल्याप्रमाणे बिनदोऱ्याची सुई आणि माझंच पत्रक. पायाने पट्टी दाबली की चाक आधी एका बाजूला जायचं, मग उलट. कागद माझ्याकडेच परत यायचा. ‘बहिणींनो, आपण’ पर्यंत भोकं नीट पडायची आणि तिथून सुई तिरकी होऊन पुढच्या परिच्छेदात घुसायची. चाळीसेक पत्रकं गेली. स्वतःचं लिखाण असं एकेका ओळीने बघितलं की त्यातली पोकळ वाक्यं ओळखू येतात. एवढं माझ्या कोणत्याच मित्राने सांगितलं नव्हतं.

दोन आठवड्यांनी दोरा घातला. जुन्या चादरीचा तुकडा ठेवला, उजव्या हाताने चाकाला गती दिली आणि पाय चालवला. चार टाके, आणि खट्. कापडाच्या खाली दोऱ्याचा गुंता. कापला, दोरा पुन्हा ओवला. खट्. सुई बदलली. दोरा बदलला. दर वेळी तेच. सकाळपासून दुपारपर्यंत. शेजारच्या खोलीत कोणीतरी माझी खटखट ऐकून ‘झालं का चालू?’ म्हणालं आणि तिकडे सगळे हसले. मी मशीनवर डोकं ठेवून रडले. कोणी बघायला नव्हतं म्हणून जरा जास्तच रडले. मग आईला फोन केला.

“आई, दोरा सारखा अडकतो. खाली गुंता होतो.”

“तू मशीनीर बसलंस?”

“हो.”

 तिच्या मागे मावशीच्या कोंबड्या ओरडत होत्या.

“चाक खंय फिरवतंस?”

“पुढे.”

“पुढे म्हणजे खंय गो?”

“पलीकडे. भिंतीच्या बाजूला.”

“अगो, चाक आपल्याकडे ओढायचा. उलटा फिरवलंस तर दोरो अडकतलोच!”

“काहीतरीच काय? तू पलीकडे फिरवायचीस. मी लहानपणापासून बघितलंय.”

“माझ्या पलीकडे नाय. तुझ्या पलीकडे. तू समोर नाय बसायचंस?”

मी फोन हातात धरून समोर बघितलं.

आमची मशीन भिंतीला लावलेली नाही. आई खिडकीकडे पाठ करून बसायची, उजेड तिच्या डाव्या खांद्यावरून कापडावर यायचा. माझा फ्रॉक पट्ट्यात जाईल म्हणून मशीनच्या त्या बाजूला मला मनाई होती. मी समोरच्या भिंतीला टेकून अभ्यास करायचे. वीस वर्षं मी मशीन फक्त समोरून पाहिली. माझ्यासाठी चाक डावीकडे होतं आणि ते माझ्यापासून पलीकडे फिरायचं. चित्र मी आठवणीतून काढलं होतं आणि आठवण अगदी बरोबर होती. ती फक्त तिथे बसलेल्या मुलीची होती. पाठमोरी बाई काढली, पण मी स्वतः समोरून उठलेच नव्हते.

“ऐकतंस मा?” आई म्हणाली.

“हो.”

“मग ओढ आपल्याकडे.”

ओढलं. चादरीच्या तुकड्यावरून पहिली टीप अखंड गेली. सरळ म्हणता येणार नाही, पण अखंड. पुढच्या रविवारी आणखी गेल्या. पायाला लय सापडली आणि मला इतका आनंद झाला की पाय चालू असतानाच मी वर बघितलं.

समोरच्या भिंतीवर रंग उडालेल्या जागी एक तेलकट डाग आहे. माझ्या डोक्याचा. आईने चोपडलेल्या तेलाचा, शाळेच्या सगळ्या वर्षांचा. जमिनीपासून जेमतेम हातभर उंच सुरू होतो आणि वर वर सरकत गेला आहे. तिथेच टेकून मी आजवर लिहीत होते, त्यामुळे तो माझ्या पाठीमागे असायचा. मला तो कधी दिसला नव्हता. डागाला टेकून कोणी बसलेलं नव्हतं.

तेवढ्यात सुई बोटाला लागली. आरपार नाही, नखाच्या कडेला. मी चाळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडले. मग रक्त पुसताना लक्षात आलं की मी ओरडले. भीती होती ती गोष्ट घडून गेली होती आणि मी आई झाले नव्हते.

संध्याकाळी फोनवर आईला विचारलं, “मी समोर बसायचे तेव्हा तुला दिसायचे का?”

“खंय? माझी नजर सुयेर. वर बघितलं तर बोट जाईल.”

“कधीच नाही?”

“बॉबिन संपली की बघायचे. मगे परत खाली.”

मला आठवलं. मशीन थांबली की मी वहीतून डोकं वर काढायचे, खोली अचानक शांत व्हायची म्हणून. आई खालच्या दोऱ्याची बॉबिन भरायला घेण्याआधी क्षणभर माझ्याकडे बघत असायची. मला वाटायचं, अभ्यास करते की नाही ते तपासतेय. म्हणून मी घाईने वहीत तोंड खुपसायचे. दिवसातून किती बॉबिनी संपत असतील? तेवढंच आमचं एकमेकींकडे बघणं. त्यातलंही मी अर्धं चुकवलं.

काकूंनी चित्राची चूक सांगितली होती. मथळ्याची चूक त्यांनी सांगितली नव्हती, सौजन्य असेल किंवा तिथपर्यंत त्या पोचल्याच नसतील. ‘मान वर करा!’ हे शिवणाऱ्या बाईला सांगायचं नसतं. पाय चालू असताना मान वर केली तर बोट जातं. बैठकीला आठातल्या चारच का आल्या, यावर मी नव्या पत्रकासाठी रागाने बरंच लिहिलं होतं. जागृती नाही, उदासीनता, वगैरे. ते सगळं काढलं.

परकर शिवायला मला दोन महिने लागले. नाडीचा नेफा तीनदा उसवला. नवं चित्र स्टुलावर बसून काढलं: चाक उजवीकडे, खाली दोन हात, समोर रिकामी भिंत. बाई नाहीच. मथळा बदलला. एकच प्रत घरी हाताने लिहून परकरात गुंडाळली आणि एका शनिवारी फणसवाडीत गेले.

काकू एकट्याच होत्या. त्यांनी परकर उलटा केला. सरळ बाजूकडे बघितलंसुद्धा नाही. शिवण दोन्ही हातांत धरून ताणली, नेफ्यात बोट घालून गोल फिरवलं.

“इथे उसवून परत घातलंयस.”

“तीनदा.”

“दिसतंय. दुकानदार घेणार नाही हा.” त्यांनी परकर घडी करून मांडीवर ठेवला. “पण नाडी ओढली तर फाटणार नाही. नेस तू.”

मग कागद घेतला. लांब धरला, जवळ आणला.

“बाई कुठे गेली?”

“चित्र तिच्या जागेवरून काढलंय. वाचणारी आहे ती.”

काकूंनी आपल्या मशीनकडे पाहिलं, पुन्हा चित्राकडे पाहिलं. मग चष्मा चढवून मथळा मोठ्याने वाचला. “आधी पाय थांबवा.” आणि म्हणाल्या, “हे बरोबर आहे. छाप. या वाडीत मी देईन. पण सगळ्या येतील असं समजू नको हां.”

“नाही समजत.”

“चहा ठेवला असता, पण सोमवारी माल द्यायचाय.”

“राहू दे काकू. बसा तुम्ही.”

मी बाहेर आले. दार त्यांनी उघडंच ठेवलं होतं, उजेडासाठी. मी चप्पल घालेपर्यंत मशीन सुरू झाली. दारातून मला त्यांची पाठ दिसत होती, उजव्या हाताशी चाक, आणि पुढे रिकामी भिंत. त्यांची बॉबिन संपेपर्यंत थांबावं असं मनात आलं. मी बराच वेळ थांबले. ती नुकतीच भरलेली असावी. जिना उतरून खाली आले तरी वरून टीप चालूच होती.