प्रवाळबेटावरचे चार दिवस

सुहास गेल्याचं मला त्याच्या मुलीनं कळवलं. 'पापा इस्ट टोट', एवढाच मेसेज. मीरा इथे जर्मनीतच जन्मली, तिला मराठी सगळं समजतं पण उत्तर जर्मनमध्येच येतं, आणि जर्मनमध्ये तिला एवढंच म्हणता आलं, पापा मेले. मी श्टुटगार्टजवळ गेर्लिंगेनला ऑफिसात होतो. मेसेज वाचून फोन उलटा ठेवला आणि चालू असलेली मीटिंग शेवटपर्यंत ऐकली. काय बोलणं झालं ते आठवत नाही. त्याला आता सात आठवडे झाले. त्याच्याबद्दल चार चांगले शब्द लिहावेत म्हणून बसतो, आणि दोन परिच्छेदांत ते बेट येतं...

सुहास गुहागरजवळच्या एका खाडीकाठच्या गावचा. लहानपणापासून गरी घेऊन मासे गरवायला जायचा. इंजिनीअर होऊन श्टुटगार्टला आला तेव्हा त्याला कळलं की जर्मनीत नदीकाठी नुसतं गरी टाकून बसता येत नाही. त्याला कोर्स लागतो, परीक्षा लागते, मग लायसन्स मिळतं. डॉक्टरला धड पोटदुखी सांगण्याएवढं जर्मन येत नसताना या माणसानं साठ माशांची जर्मन नावं पाठ केली आणि पास झाला. तिथेच त्याला फ्लाय फिशिंगचा नाद लागला. गरीला आमिष लावायचं नाही, पिसं आणि केस बांधून केलेली खोटी माशी लांबच लांब दोरीच्या झोकावर नेमकी हवी तिथे टाकायची, आणि मासा मिळाला की पाण्यात परत सोडायचा. मी पुण्याचा, मासा फक्त ताटात पाहिलेला. रविवारी सकाळी फुटबॉलच्या रिकाम्या मैदानावर तो मला गवतातच दोरी फेकायला शिकवायचा. कुत्री फिरवणारे लोक थांबून बघत. "मनगट नको वापरू रे, मिलिंद. हाताला घाई झालेली दोरीला कळते," हे त्यानं मला किती वेळा सांगितलं असेल.

त्याचं एकच मागणं होतं. हिंदी महासागरात सेशेल्सच्या अगदी बाहेरच्या टोकाला एक प्रवाळबेट आहे, तिथल्या गुडघाभर खाऱ्या पाण्यात चालत जाऊन बोनफिश धरायचा. वेगानं पळणारा, आरशासारखा मासा, वाळूवर दिसते ती फक्त त्याची सावली. "आपण दोघं जायचं," असं तो म्हणत राहिला आणि मी पुढे ढकलत राहिलो. एकदा घर बदलायचं होतं, एकदा प्रोजेक्टची डिलिव्हरी होती. गेल्या वर्षी मात्र त्यानं मला न विचारता दोघांचं बुकिंग केलं. "या वेळी कारणं नकोत," म्हणाला. तो बराच बारीक झाला होता. विचारलं तर म्हणाला, "सोळा तास उपास करतोय, सगळं ऑफिस करतंय." मी त्याच्याकडे पुन्हा नीट पाहिलंही नाही.

फ्रँकफर्टहून निघून शेवटी एका छोट्या विमानानं त्या बेटावर उतरलो. ते विमान आठवड्यातून एकदाच यायचं. पत्र्याच्या छपराच्या चार खोल्या, एक बोट, आणि आंतोन नावाचा तिथलाच वाटाड्या. पहिले दोन दिवस सुहासला मी जसा पाहिला तसा कधी पाहिला नव्हता. भरती सरली की दोन-दोन मैल गुडघाभर पाणी, खाली पांढरी वाळू, आणि आम्ही हळूहळू पाय सरकवत चाललेलो. आंतोन बोटानं मासा दाखवायचा, सुहास वाऱ्याच्या विरुद्ध दोरी टाकायचा, आणि रीळ किंचाळत फिरायला लागायचं. दुसऱ्या दिवशी त्यानं सात मासे धरले आणि सोडले. प्रत्येकाला तो पाण्याखाली दोन्ही हातांत धरून त्याची शुद्ध परत येईपर्यंत थांबायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी वाळूच्या पट्ट्यावर डबा खायला बसलो होतो. त्यानं भात तसाच ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "स्वादुपिंडात गाठ आहे. आज ऑपरेशन होतं माझं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "आज म्हणजे?"

"आजच्या तारखेचा टर्मिन होता. मी फोन करून पुढचा मागितला. तीन आठवड्यांनी मिळाला."

"वहिनींना माहीत आहे?"

"तिला वाटतंय ॲसिडिटी आहे. सांगितलं असतं तर आलो असतो का मी इथे?"

मुक्कामी सॅटेलाइट फोन होता. मी म्हणालो, आत्ता चल, वहिनींना फोन कर, नाहीतर मी करतो. "फोन केलास तर हे संपलं," म्हणाला. "चार दिवस राहिलेत. तेवढे मला दे."

मी ते दिले. खरं तर मित्राच्या मनासारखं करतोय याचं मला त्या क्षणी थोडं बरंही वाटलं होतं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं होतं.

चौथ्या दिवशी तो पाण्यात उतरला आणि नुसता उभा राहिला. आंतोननं दोनदा मासे दाखवले. त्याचा हात उठेना. मला वाटलं दुखत असेल, पण तसं नव्हतं. इतके दिवस जे कुणाला सांगितलं नव्हतं ते एकदा तोंडातून बाहेर पडलं आणि त्याला त्याची भीती वाटायला लागली. पाचव्या दिवशी तो खोलीतून बाहेरच आला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून होता. मी पाणी घेऊन गेलो तर माझं मनगट धरून म्हणाला, "मिलिंद, आपल्याला आत्ता परत जाता येईल का रे?"

मी आंतोनला विचारून आलो. शनिवारशिवाय विमान नव्हतं. वहिनींना फोन लावू का विचारलं तर मान हलवून नको म्हणाला. मागून घेतलेले दिवस त्यानं असे छपराखाली काढले आणि बाहेर दिवसातून दोनदा भरती येऊन जात होती. मी शेजारी बसून होतो. आणि मला त्याचा रागही आला होता, हे कुणाला सांगू...

परत आल्यावर आठवड्याभरात हॉस्पिटलचं पत्र घरी आलं आणि वैशालीवहिनींनी ते फोडलं. तेव्हा सुहासनं त्यांना सगळं सांगितलं, बेटावर मला सांगितलं होतं तेही. ऑपरेशनला पोट उघडलं आणि पुन्हा शिवलं, कारण गाठ यकृतापर्यंत गेली होती. वहिनींनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, तीन आठवडे आधी केलं असतं तर? त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. हो म्हणाल्या असत्या किंवा नाही म्हणाल्या असत्या, तर मला आणि वहिनींना दोषाच्या कुठल्यातरी एका बाजूला जाऊन बसता आलं असतं. शेवटचे महिने सुहास माझ्याशी हवापाण्याचं बोलायचा. त्या बेटाचं नाव त्यानं पुन्हा घेतलं नाही, मीही नाही.

गेल्या रविवारी त्यांच्याकडे गेलो होतो. वहिनींनी चहा दिला आणि समोर बसल्या.

"भावजी, तुम्हाला चार दिवस माहीत होतं."

"हो."

"तो तिथे आनंदात तरी होता?"

येताना ट्राममध्ये मी 'हो' म्हणायची तयारी करून आलो होतो. "दोन दिवस होता," मी म्हणालो. "नंतर त्याला घरी यायचं होतं."

त्या कप उचलून आत गेल्या आणि नळ बराच वेळ चालू राहिला. मीरा बाल्कनीच्या दारात उभी होती. तिच्या पायांशी सुहासचे पाण्यात चालायचे बूट होते, लेसच्या भोकांत पांढरी वाळू अजून अडकलेली. वहिनींनी ते तीनदा कचऱ्याच्या डब्यापाशी नेऊन ठेवले, आणि तीनदा तिनं ते परत वर आणले, हे तिनं मला जर्मनमध्ये, हळू आवाजात सांगितलं. आईला ते नकोत, म्हणाली, आणि मला धुवायचे नाहीत. मग तिनं विचारलं, तुम्ही नेता का?

मी नाही म्हणालो. बूट तिथेच बाल्कनीत आहेत.