लाल अंगठे, काळे अंगठे

मेंबर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी दोनशे पानी वही विकत आणली आणि पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘वॉर्डातली गाऱ्हाणी’. नगरसेविका हा शब्द तेव्हा कागदावर होता, पण नगरात सगळे मेंबरच म्हणायचे. आधीच्या मेंबरबाई गाव सोडून गेल्या, पोटनिवडणूक लागली आणि बायकांच्या राखीव जागेवर मी निवडून आले. काष्टीच्या आठवडे बाजारात वाढलेली, सातवी शिकलेली, एका मास्तरांची बायको! मला अंगाला पंख फुटल्यासारखं झालं होतं. सकाळी चूल पेटवायच्या आधी मी वहीला दोरीनं पेन बांधत बसलेली बघून आमचे हे म्हणाले, “उतावळा नवरा ऐकला होता, उतावळी मेंबर पहिल्यांदाच बघतोय.”

मी उतावळी होतेच. त्यात दुष्काळाचं वर्ष, ते बहात्तरचं. आमच्या वॉर्डात वेशीच्या आत एक पुढची गल्ली होती. तिथं घरोघरी नळ होते, पण सकाळी घटकाभर करंगळीएवढी धार यायची. गल्लीच्या टोकाला पिंपळाचा पार होता आणि पाराच्या पलीकडे चढ चढून गेलं की मागचा बोळ लागायचा. तिथं विड्या वळणाऱ्या बायका राहायच्या. त्यांच्यात विधवा बऱ्याच होत्या. बोळातला आड दिवाळीतच आटला होता. त्या बायका वेशीबाहेर, दुसऱ्या वॉर्डातल्या नळावर जायच्या आणि तिथल्या लोकांची बोलणी खाऊन पाणी आणायच्या.

निवडणुकीत मी त्या बोळात गेले होते, तेव्हा एका म्हातारीनं सुपातली पानं कातरता कातरता मला विचारलं होतं, “मत दिऊ, पर पानी देशील का?”

“पहिला नळ तुमचाच,” मी म्हणाले होते.

“समदे असंच म्हनत्यात,” म्हातारी म्हणाली. तिची कात्री एकदाही थांबली नाही. मला तेव्हा राग आला होता. मी काय सगळ्यांसारखी आहे का, असं वाटलं होतं.

आणि काय सांगू, पहिल्याच आठवड्यात संधी चालून आली. नगरपालिकेकडे एकच सार्वजनिक नळकोंडाळं शिल्लक होतं. ज्या वॉर्डातले रहिवासी एकमतानं जागा ठरवून सह्यांचा कागद देतील, त्यांना ते द्यायचं असं ठरलं. शनिवारच्या सभेत कागद यायला हवा होता. नाही आला तर नळ शेजारच्या वॉर्डात जाणार. तिथले मेंबर मोठे मुरलेले होते. माझा आनंद बघून ते मिशीत हसले आणि म्हणाले, “बाई, माणसं गोळा करून एका मतावर आणणं म्हणजे काही हळदीकुंकू नव्हे.”

माझं डोकंच फिरलं! पण चिडूनसुद्धा माणसाला कधीकधी सुचतं. संक्रांत नुकतीच झाली होती, रथसप्तमी अजून लांब होती. बायकांना सभेला बोलावलं तर त्या दाराआडून ‘मालक घरी न्हाईत’ म्हणतात, हे मी वही घेऊन फिरताना चांगलं अनुभवलं होतं. हळदीकुंकवाला मात्र कुठली बाई नाही म्हणत नाही. मग हळदीकुंकूच होऊ दे. गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता, आमच्या घरी. मी स्वतः पुढच्या गल्लीत आणि मागच्या बोळात दारोदार निरोप दिला. धाप लागेपर्यंत फिरले.

आमच्या सासूबाई कर्जतकडच्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. निवडणुकीत त्या माझ्याबरोबर टाचा फुटेपर्यंत चालल्या होत्या. गुरुवारी दुपारपासून त्या चुलीपुढे बसून तिळाचे लाडू वळत होत्या. दुष्काळात गूळ बेतानं मिळाला, म्हणून त्यांनी बोराएवढे बारके लाडू केले, पण सगळ्यांना पुरतील असे केले.

आणि बायका आल्या! खोलीत मावेनात, ओटीवर बसल्या, जिन्याच्या पायऱ्यांवर बसल्या. नव्या सुना काठापदराची लुगडी नेसून, म्हाताऱ्या नाकात नथ घालून आल्या. कुंकू लावायचं, प्लॅस्टिकची गाळणी वाण म्हणून द्यायची आणि लगेच विचारायचं, “नळ कुठं पायजे, सांगा.” आधी सगळ्या लाजल्या. मग एक बोलली, मग दुसरी, आणि मग असा काही गलका झाला की मला पाटावर उभं राहावं लागलं. कोणी कधी त्यांना असं विचारलंच नव्हतं. गल्लीच्या टोकाला पारापाशी, सावलीत नळ हवा, असं सगळ्यांचं एकमत झालं. एकमत! मी कागदावर तसं लिहिलं. बऱ्याच जणींना सही येत नव्हती आणि शाईचा पॅड आणायचा मी विसरले होते. तेव्हा एक थट्टेखोर सून म्हणाली, “मेंबरबाई, एवढं कुंकू पडलंय की,” आणि तेलाचा थेंब टाकून तिनं कुंकवात अंगठा बुडवला. झालं! सगळ्यांनी तोच कित्ता गिरवला. कागद लाल अंगठ्यांनी भरून गेला. तो हातात धरून मी त्या मुरलेल्या मेंबरांच्या मिशा आठवत होते.

बायका गेल्यावर मी नाचतच स्वयंपाकघरात गेले. आत्याबाई उरलेले लाडू डब्यात भरत होत्या. मी कागद त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी तो नीट बघितला आणि म्हणाल्या, “मागल्या बोळातली एक बी न्हवती आली.”

“येतील कशा नाही? मी निरोप दिला होता. प्रत्येक दारात.”

“कसला निरोप? हळदीकुकवाचा व्हय?” आत्याबाईंनी डब्याचं झाकण लावलं. “ज्या सवाष्नी हायेत त्या पाच वाजता विड्या द्यायला कारखान्यात जात्यात. बाकीच्या समद्या माज्यासारख्या. त्या कशा येतील? मी तरी आल्ते का भाइर?”

खरंच की! त्या दुपारपासून इथं होत्या. बाहेर बायकांचा गलका चालला होता, तेव्हा दोन हातांवर एवढे लाडू वळून त्या एकट्या भिंतीला टेकून ऐकत होत्या. माझ्यासाठी दारोदार मतं मागणारी बाई, आणि मी तिला एका शब्दानं विचारलं नव्हतं की आत्याबाई, नळ कुठं हवा? काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो मीच मारला होता. मला रडू आलं. रडू आलं आणि स्वतःचा संतापही आला.

“आता काय करू?” मी म्हणाले. “उद्या शुक्रवार. परवा कागद द्यायचा. अंगठे तर उठले. पारापाशी नळ झाला तर बोळाच्या बायकांना चढ चढूनच न्यायचं पाणी. आणि पुढच्या गल्लीला आता बदला म्हटलं तर भांडणं होतील, कागद जाईल, नळ जाईल.”

“पैपलैन कुठवर हाय?”

“बोळाच्या तोंडापर्यंत. पाणीपुरवठ्याच्या कारकुनानं सांगितलंय.”

“मग झालं की,” आत्याबाई म्हणाल्या. “उद्या दुपारी मी जाती गल्लीत. तू बोळात जा. पर पाचच्या आत बोलव, आन् कुकवाचं नाव काडू नको.”

शुक्रवारी दुपारी मी बोळात गेले. म्हातारी सुपापुढे बसली होती. मी चुकले, असं मी तिला सरळ सांगितलं. तिनं कातरायला दुसरं पान घेतलं. कात्री चालूच होती. मग म्हणाली, “दारात आल्तीस निरोप घिऊन, तवाच म्हनलं, हिला कळत न्हाई. पर लहान हाय, कळंल.” मी तेव्हा दोन लेकरांची आई होते! पण ते ऐकून घेतलं आणि सगळ्यांना पाचच्या आत बोळाच्या तोंडाशी बोलावलं.

इकडे आत्याबाईंनी काय केलं ते मला नंतर कळलं. त्या पुढच्या गल्लीत एकेका दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “काल माज्या सुनंनं तुमाला वान दिलं. आज तुमी द्यायचं. एक एक हंडा भरून घ्या नि माज्यासंगं चला.”

“मावशी, दुष्काळात हंडाभर पाणी?”

“दुष्काळ हाय म्हनूनच.”

“आणि वाण कुणाला द्यायचं? तिकडं तर...” त्या बाईनं नुसतं कपाळाकडे बोट केलं.

“पान्याला कुठं कुकू लागतं?” आत्याबाई म्हणाल्या.

वडीलधारी बाई दारात उभी राहून मागते म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? मी बोळाच्या तोंडाशी उभी होते. खालून आवाज आला आणि बघते तर काय, डोक्यावर हंडे, कमरेवर कळशा घेतलेल्या बायकांची रांग चढ चढून येत होती! पुढे आत्याबाई, त्यांच्याही कमरेवर घागर. पारापर्यंत सगळ्या हसतखिदळत आल्या. तिथून पुढे एकेकीचं हसू कमी झालं. चढावर दगड निघाले होते, पाणी डचमळून मानेवरून पाठीत जात होतं. कालची ती थट्टेखोर सून अर्ध्या चढावर थांबून म्हणाली, “अगं बाई, हे रोज करतात?”

“रोज न्हाई,” बोळाच्या तोंडाशी उभी राहून म्हातारी ओरडली. तेव्हा तिच्या हातात कात्री नव्हती. “रोजचं ह्याच्या तिप्पट लांब हाय. येशीच्या भाइरनं!”

बोळातल्या बायका धावत पुढे आल्या. हंडे उतरवून घेतले, घराघरातल्या रांजणांत पाणी ओतलं. कित्येक महिन्यांनी ते रांजण गळ्यापर्यंत भरले. कुणीतरी गुळाचा खडा आणला, कुणी फुटाणे आणले. दोन्हीकडच्या बायका बोळात ओट्या-उंबऱ्यांवर बसून मान चोळत होत्या आणि हसत होत्या. एकाच वॉर्डात राहून त्यातल्या कितीतरी जणी एकमेकींच्या दारात पहिल्यांदाच आल्या होत्या. त्यांच्याकडे बघता बघता मी कागदाचं विसरूनच गेले.

बोलली ती थट्टेखोर सूनच. “मेंबरबाई, खोडा तो पार. नळ हितं.”

मी कागद काढला. ‘पारापाशी’ खोडलं, ‘बोळाच्या तोंडाशी’ लिहिलं. पण खाडाखोड झाली की अंगठे नव्यानं घ्यावे लागतात, एवढं मला कारकुनानं बजावलं होतं. आणि पॅड? उतावळेपणा अंगात भिनलेला असला की पॅड दुसऱ्यांदाही राहतो. आत्याबाई उठल्या, म्हातारीच्या घरात गेल्या आणि चुलीवरचा तवा उपडा करून घेऊन आल्या. तव्याच्या पाठीला चांगली बोटभर काजळी होती. तेलाचं बोट फिरवलं आणि तवा मध्ये ठेवला. पहिला अंगठा म्हातारीनं उठवला. मग बोळातल्या सगळ्यांनी. मग पुढच्या गल्लीतल्या बायकांनी, आपापल्या लाल अंगठ्याशेजारी. पाच वाजायच्या आत काम उरकलं, कारण कारखान्याची वेळ झाली होती.

शनिवारी सभेत अध्यक्षांनी कागद उलटा-सुलटा करून बघितला. “बाई, हा काय रंगपंचमीचा कागद आहे? एकेकीचे दोन दोन अंगठे कशाला?”

“लाल अंगठे घाईचे आहेत, साहेब,” मी म्हणाले. “काळे पाणी वाहून आल्यावरचे.”

सभेत हशा पिकला. शेजारच्या वॉर्डातले मुरलेले मेंबर सगळ्यांत मोठ्यानं हसले आणि त्यांनीच मंजुरीला हात पहिला वर केला. हे मी कधी विसरले नाही. होळीच्या आधी बोळाच्या तोंडाशी नळ बसला. पहिली कळशी म्हातारीनं भरली आणि तिथंच उभ्या उभ्या ओंजळीनं पाणी प्यायली. माझ्याकडे बघून म्हणाली, “कळलं म्हनायचं तुला.” मंत्र्याच्या हातचा हार मिळाला असता तरी मला तेवढा आनंद झाला नसता.

पुढच्या संक्रांतीला मी पुन्हा निरोप दिला. दोन्हीकडे, एकच निरोप. ‘तिळगूळ घ्यायला या, दुपारी तीन वाजता.’ आणि सगळ्यांत पहिला निरोप मी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून दिला. आत्याबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी ऐकलं, मान हलवली आणि भाकरी उलटली.

त्या दिवशी बारालाच त्या जेवल्या. पेटीतलं ठेवणीतलं लुगडं नेसल्या आणि बाहेरच्या खोलीत भिंतीशी सतरंजीवर मधोमध येऊन बसल्या. तीन वाजायला अजून किती तरी वेळ होता. शेजारीण मदतीला आली होती, तिनं आतून हाक मारली, “मावशी, लाडू कुठं ठेवलेत हो? जरा आत या.”

“डब्यात हायेत, तूच बग,” आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी पदर सारखा केला आणि दाराकडे बघत राहिल्या. “मला आज उठता यायचं न्हाई. मला बोलावनं हाय.”