सुतारमामांचा हात वर

शाळेच्या बाकांचं मागचं टेंडर सुतारमामांच्या हातून गेलं, कारण ईएमडी म्हणजे आधी भरायची अनामत, हे त्यांना बाद झाल्यावर कळलं. यंदा त्यांनी चंगच बांधला होता. टेंडरआधीच्या बैठकीत भर सभेत त्यांनी हात वर केला.

"साहेब, हे डीएलपी काय असतं?"

मागे खसखस पिकली. एक जाडजूड ठेकेदार म्हणाला, "मामा, घरी जाऊन रंधा मारा!"

"तो रोजच मारतो. साहेब, तुम्ही सांगा."

"बाक दिल्यावर वर्षभरात मोडला, तर दुरुस्ती तुमची. फुकट!"

मामांनी कागदावरच्या स्वस्त लाकडावर तिथल्या तिथे काट मारली आणि टणक लाकूड लिहिलं.

"आता पुढचं. बीओक्यू?"

जाडजूड ठेकेदाराने हळूच खुर्ची पुढे ओढली. "साहेब, जरा मोठ्याने सांगा."