बंद दारांचा शेरा

मी रोह्यात खोली घेऊन राहते आणि शनिवारी संध्याकाळी गाडीने पेणला घरी जाते. घरी म्हणजे कुलूप काढायला. आई गेल्यापासून तिथे वाट पाहणारं कोणी नाही. शेजारच्या गणपतीच्या कारखान्यातले काका तेवढे विचारतात, "आलीस व्हय?" आठवडाभरात माझ्याशी कामाशिवाय कोणी बोललेलं ते एकच वाक्य असतं.

नोकरी शाळेतली. त्यात मतदारयादीचं काम गळ्यात पडलेलं. घरोघर जायचं, माणूस आहे, वारला की गाव सोडून गेला, ते लिहायचं. त्या थंडीत नदीकाठच्या कातकरी वाडीत गेले, तर अख्खी वाडी ओस. भातकापणी झाली की ही माणसं वीटभट्टीवर जातात आणि पावसाआधी परततात. जाताना झोपडीच्या दाराला काटेरी फांदी आडवी बांधतात. मला हे पक्कं ठाऊक होतं. दरवर्षी त्या दिवसांत माझ्याच वर्गातल्या त्यांच्या मुलांच्या जागा रिकाम्या असतात. पण वरून सारखे फोन येत होते आणि मी मुळातच तापट. घर बंद असलं तर तीन खेपा करायच्या असतात. मी एकच केली, तीन लिहिल्या आणि प्रत्येक नावापुढे शेरा मारला: स्थलांतरित. काम वेळेत दिलं म्हणून शाबासकीही मिळाली.

मतदान भर उन्हाळ्यात आलं. केंद्राबाहेर टेबल मांडून मी लोकांना नावं शोधून देत होते. वाडीतली एक म्हातारी समोर उभी राहिली. भट्टीवरचं काम टाकून, एसटीने एकटीच आली होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं मतदार कार्ड तिने माझ्यापुढे ठेवलं. नाव नाही हे माहीत असूनही मी यादी चाळत बसले.

"आजी, तुमचं नाव नाही यादीत."

"नाय कसं? कार्ड हाय ना गो माझं."

"कार्ड असलं तरी यादीत नाव लागतं."

"मग कुनी काढलं?"

मागे रांग होती. वेळ मारून नेता आली असती.

"माझ्यामुळे गेलं," मी म्हटलं. "दार बंद होतं. मी लिहिलं, तुम्ही गाव सोडून गेलात."

तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "पन तू तर वळखतेस ना गो बाय मला. माझी नात तुझ्याच शाळंत हाय."

कार्ड परत गुंडाळून ती स्टँडकडे चालू लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाऊस लागल्यावर मी वाडीत बसून सगळ्यांचे अर्ज नव्याने भरले. म्हातारीने अंगठा दिला, पण माझ्याशी बोलली नाही. नावं परत आली. हुकलेलं मत कुठून आणणार?

अर्ज भरून झाले त्या शनिवारी पेणला पोचले आणि काकांना पहिल्यांदाच सगळं सांगितलं. ते मूर्तीचा हात घासत ऐकत होते.

"थंडीत आपल्याकडं पन आलेला यादीवाला," ते म्हणाले. "तुझ्या दाराला कुलूप. मी सांगितलं, रोह्याला नोकरीला हाय, शनवारी येते. त्यानं लिवून घेतलं."

मी घराचं कुलूप काढलं आणि अंधारात तशीच बसून राहिले. माझ्यासाठी सांगायला एक शेजारी होता. वाडीचे सगळे शेजारी भट्टीवर गेले होते. त्यांच्यासाठी सांगू शकेल अशी मागे एकटी मीच उरले होते.